घोड्याची पातळ लीद: आधी घोडा तपासा, मग लीद

लीद पातळ झाली की तबेल्यातल्या सगळ्यांच्या नजरा जमिनीकडे वळतात. रंग कोणता, वास कसा, किती वेळा झाली. ही माहिती पुढे लागतेच, पण पहिल्या अर्ध्या तासात तिचा उपयोग सगळ्यांत कमी. कोवळे गवत खाऊन आलेल्या धडधाकट घोड्याची लीद आणि रात्रीपर्यंत कोसळणाऱ्या घोड्याची लीद शेजारी शेजारी ठेवली, तर फरक सांगता येईलच असे नाही. तो फरक हिरड्यांत, नाडीत, तापात आणि खुरांत असतो. म्हणून घोडा किती आजारी आहे ते आधी बघायचे, लगेच त्याला वेगळा बांधायचा, आणि कारण त्यानंतर शोधायचे. कारण शोधण्यात दिवस जातात, आणि सगळ्या चाचण्या करूनही बऱ्याच घोड्यांत ते सापडत नाही. उपचार तोवर ताटकळत ठेवता येत नाहीत.

एवढे पाणी येते कुठून

५०० किलोचा घोडा दिवसाला २५-३० लिटर पाणी पितो, पण आतड्यात उतरणारे पाणी त्याच्या कितीतरी पट असते. लाळ, जठररस, स्वादुपिंडाचा रस असे सगळे मिळून मोठ्या आतड्यातून दिवसाला सुमारे १०० लिटर द्रव परत रक्तात शोषला जातो. अंधनाल (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि मोठे आतडे हे घोड्याचे पाण्याचे कोठारच आहे. त्यामुळे प्रौढ घोड्याला खरी हगवण लागली याचा अर्थ बहुतेक वेळा बिघाड मोठ्या आतड्यात आहे. लहान आतड्यातून जास्तीचे पाणी आले तर धडधाकट मोठे आतडे ते पचवून टाकते. शिंगराचे मोठे आतडे अजून पुरते तयार नसते, म्हणून त्याला लहान आतड्याच्या आजारातही पाण्यासारखी लीद होते.

बिघाड दोन-तीन वाटांनी होतो. आतड्याच्या भिंतीला सूज आली की ती पाणी शोषायचे सोडून उलट आत सोडते, आणि पाण्याबरोबर रक्तातली प्रथिनेही गळतात. न पचलेला स्टार्च किंवा दूध मोठ्या आतड्यात पोचले तर ते पाणी ओढून घेते, शिवाय आंबते. आम्लता वाढल्यावर तंतू पचवणारे जिवाणू मरतात आणि त्यांच्या पेशीभिंतीतले विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, मोकळे होते. भिंत जखमी असेल तर ते थेट रक्तात जाते. नाडी वाढणे, हिरड्या काळपट होणे, खुरांचा लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या पापुद्र्यांची सूज) हे सगळे त्या विषाचे काम. घोडा दगावतो तो रक्ताभिसरण ढासळल्याने आणि या विषाने. लिदीचा पातळपणा ही त्याची दिसणारी बाजू.

ही हगवण आहे का, हे ठरवा

प्रवासात, शर्यतीआधी किंवा नव्या जागी बांधल्यावर दोन-तीन वेळा पातळ लीद होऊन थांबते. घोडा खातो-पितो, ताप नसतो. हिरव्या गवताची एकदम चंगळ झाली तर लीद शेणाच्या पोसारखी मऊ पडते. अशा घोड्याचा ताप आणि नाडी एकदा पाहून ठेवा, हिरवे कमी करून सुके गवत वाढवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

वेगळा प्रकार म्हणजे लिदीचे गोळे नीट बांधलेले, पण त्यांच्या आधी किंवा नंतर तपकिरी पाण्याची पिचकारी. मांड्या आणि शेपटी सतत घाण राहतात, घोडा मात्र ठणठणीत. यात सहसा आतडे सुजलेले नसते. ओलसर मुरवलेल्या गवताऐवजी सुके गवत दिल्याने काहींना आराम पडतो. दात आणि जंत तपासावेत, कातडी सोलवटू नये म्हणून धुऊन कोरडी ठेवावी. हगवण समजून अँटिबायोटिक देणे ही इथली नेहमीची चूक.

याच्या उलट चूक जास्त महागात पडते. मोठ्या आतड्याच्या तीव्र सुजेत पहिला दिवस, कधी दीड-दोन दिवस, लीद पातळ होतच नाही. घोडा मलूल, खाणे सोडलेले, ३९ अंशांवर ताप, मधूनच पोटात कळ, आणि कुशीला कान लावला तर पाण्याने भरलेल्या पखालीसारखा डुबुक आवाज. हगवण नाही म्हणून थांबू नका.

दहा मिनिटांची तपासणी

आकडे कागदावर वेळेसह लिहा. एकदा घेतलेल्या आकड्यापेक्षा दोन तासांनी तो कुठे सरकला हे जास्त बोलके असते.

ताप वेदनाशामक देण्याआधी घ्या, नाहीतर आकडा खोटा येतो. प्रौढ घोड्याचे तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस असते, ३८.५ च्या वर ताप समजा. हगवणीत गुदद्वार सैल असते आणि आत हवा शिरलेली असते, त्यामुळे थर्मामीटर मधोमध राहिला तर आकडा खराखुरा असतो त्यापेक्षा कमी येतो. टोक बाजूच्या भिंतीला टेकवून धरा. ३७ च्या खाली आणि कान-पाय गार, असे खरोखरच असेल तर ते तापापेक्षा वाईट लक्षण आहे.

नाडी जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणाऱ्या धमनीवर किंवा डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. आरामात उभ्या घोड्याची २८ ते ४४. सगळ्या तपासणीतला हा सर्वांत विश्वासाचा आकडा. ५० च्या वर टिकून राहिली तर सावध व्हा. ६० च्या वर म्हणजे आजार गंभीर. ८० च्या वर म्हणजे रक्ताभिसरण कोलमडण्याच्या बेतात. श्वास ८ ते १६ असतो.

हिरड्या ओलसर आणि फिक्या गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा डाग २ सेकंदांत भरला पाहिजे. बोटाला चिकट लागल्या तर पाणी कमी पडते आहे. विटकरी लाल हिरड्या आणि दातांच्या मुळाशी जांभळी रेघ, हे रक्तात विष गेल्याचे चिन्ह. उजेड पिवळा असेल तर ही रेघ निसटते, म्हणून घोडा दिवसाच्या उजेडात आणा किंवा पांढरी बॅटरी वापरा.

मानेवर, खांद्याच्या जरा पुढे, कातडीचा चिमटा घ्या. म्हाताऱ्या आणि रोडावलेल्या घोड्यांत तो एरवीही हळू बसतो, त्यामुळे एकट्या चिमट्यावर विसंबू नका. ढोबळ हिशेब असा: हिरड्या जरा चिकट आणि चिमटा बसायला साधारण २ सेकंद, तर शरीरातले पाणी वजनाच्या सुमारे ५ टक्के कमी आहे. हिरड्या कोरड्या, डाग भरायला ३ सेकंद, चिमटा ३ ते ५ सेकंद, डोळे किंचित खोल, तर ८ टक्के. चिमटा ५ सेकंदांहून जास्त, पाय गार, नाडी बारीक आणि जलद, तर १० ते १२ टक्के.

या टक्क्यांचे लिटर करून पाहा. ५०० किलोचा घोडा, ८ टक्के तूट, म्हणजे ४० लिटर. त्यावर रोजची गरज दर किलोला ५०-६० मिली, म्हणजे २५-३० लिटर. त्यात लिदीतून जाणारे वेगळे, आणि जोरदार हगवणीत तेही दिवसाला कित्येक दहा लिटर भरते. अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या शिरेतून दिल्या म्हणजे २ लिटर झाले. एवढ्याने काही केल्याचे समाधान मिळते, घोड्याला काही मिळत नाही.

पोटाचे आवाज दोन्ही कुशींत वर आणि खाली ऐका. हगवणीत ते बहुधा वाढलेले, पाणचट असतात. आवाज पूर्ण बंद, पोट फुगलेले आणि घोडा लोळतो आहे, तर आतडे थंडावले आहे.

शेवटी खूर, आणि हे रोज दोनदा. घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोट ठेवा. निरोगी घोड्याची ती नाडी शोधावी लागते. टणटण उडत असेल, खूर गरम असेल, घोडा वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकत असेल, तर लॅमिनायटिस सुरू झाला. मग छातीखाली, पोटाखाली आणि पायांवर सूज पाहा. दाबल्यावर खळगा राहणारी सूज म्हणजे प्रथिने गळताहेत.

पशुवैद्याला लगेच बोलवायचे ते या घोड्यांसाठी: ताप, ५० च्या वर टिकणारी नाडी, बदललेला हिरड्यांचा रंग, खाणे बंद, लिदीत रक्त, पोटशूळ, खुराची उडती नाडी, यांपैकी एकही. एका तबेल्यात दुसऱ्या घोड्यालाही पातळ लीद झाली तरी. आणि शिंगरू सोडले तर सगळ्यांसाठी आणखी एक नियम: बाकी सारे ठीक असूनही पाण्यासारखी लीद २४ तासांत थांबली नाही तर. शिंगराला २४ तास देऊ नका.

पशुवैद्य येईपर्यंत

घोडा वेगळा बांधा. चंदी, पेंड, गूळ, सगळा खुराक बंद. चांगले सुके गवत पुढे ठेवा. उपाशी ठेवू नका, पोटशूळ असेल तर मात्र ठेवा.

दोन बादल्या लावा. एकीत साधे पाणी, दुसरीत क्षारांचे. १० लिटर पाण्यात साधारण ५३ ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि ३८ ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की क्षारांचे प्रमाण रक्ताच्या जवळपास जाते. साधे पाणी काढून फक्त क्षाराचे ठेवले तर काही घोडे पिणेच सोडतात. बादलीवर खुणा करून किती संपले ते लिहा. आपोआप भरणाऱ्या कुंडीने हा आकडा हातचा जातो, म्हणून ती बंद करा. तोंडात बाटलीने पाणी ओतू नका, फुप्फुसात जाते. नाकातून नळी घालून पाणी देणे हे पशुवैद्याचे काम. तो आधी जठरातून उलटा द्रव येतो का ते बघतो, आणि येत नसेल तर प्रौढ घोड्याला एका वेळी ६-८ लिटर देतो.

माणसाची जुलाब थांबवणारी औषधे देऊ नका. आतड्याची हालचाल थांबली की विष आत कोंडते. घरात उरलेले अँटिबायोटिक नको. फिनाइलब्युटाझोन या वेदनाशामकाची पुडीही नको: पाणी कमी पडलेल्या घोड्याची मूत्रपिंडे आणि मोठे आतडे दोन्ही ती दुखावते. फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक उपयोगी आहे, पण डोस आणि वेळ पशुवैद्याने ठरवावी. प्रोबायोटिकची भुकटी प्रौढ घोड्याला सहसा अपाय करत नाही, आणि उपकार करते याचा पुरावाही कच्चा आहे. शिंगरांत काही चाचण्यांत तिने हगवण वाढलेली दिसली आहे.

नाडी ६० च्या पुढे किंवा जांभळी रेघ असेल तर चारही खूर बर्फाच्या पाण्यात घालायला लगेच सुरुवात करा, लंगडण्याची वाट पाहू नका. नुसता खूर बुडून भागत नाही, पाणी गुडघ्याच्या खालपर्यंत यावे, आणि बर्फ वितळेल तसा दर दोन तासांनी भरावा. किमान ४८ तास, न थांबता. अर्धा तास बर्फ, मग विश्रांती, असे केल्यास खूर पुन्हा गरम होतो आणि केलेले वाया जाते.

शेपटीला पट्टी गुंडाळा, मागचा भाग कोमट पाण्याने धुऊन टिपा आणि पेट्रोलियम जेली किंवा झिंक मलम लावा.

कारणाकडे जाणारे प्रश्न

प्रयोगशाळेआधी तबेल्याची वही उघडा. गेल्या तीन आठवड्यांत अँटिबायोटिक दिले का? वेदनाशामक कोणते, किती, किती दिवस? चारा किंवा चंदी कधी बदलली? शेवटचे जंतनाशक कधी, कोणते? नवा घोडा आला का? प्रवास, शस्त्रक्रिया? चरतो ती जमीन वाळूची आहे का? वय काय? या उत्तरांनी यादी निम्म्याने कमी होते.

अँटिबायोटिकनंतरची हगवण बहुधा ते सुरू केल्यावर आठवड्याभरात येते. कोणतेही अँटिबायोटिक ती आणू शकते. लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन घोड्याला कधीच देऊ नयेत. एरिथ्रोमायसिन शिंगराला दिले जाते, पण त्याचे अंश घोडीच्या तोंडात गेले तरी तिला जीवघेणी हगवण लागू शकते. त्या काळात हात धुवा, आणि घोडीला शिंगराची लीद वा औषधाचे डाग चाटू देऊ नका. इथे नेहमीचा गुन्हेगार क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जिवाणू. साधे जिवाणू मेल्यावर मोकळी झालेली जागा तो घेतो.

साल्मोनेला हा जिवाणू दिसायला निरोगी घोड्याच्या पोटातही असू शकतो आणि ताण पडला की बाहेर येतो: लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया, उपास, कडक उन्हाळा. ताप, पांढऱ्या पेशींची घसरण आणि दुर्गंधी पाणचट लीद असे त्रिकूट दिसले की दुसरे सिद्ध होईपर्यंत साल्मोनेला समजूनच वागावे. घाई कारणासाठी नसते, शेजारच्या घोड्यांसाठी आणि माणसांसाठी असते.

पोटोमॅक ज्वर १९७९ मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीकाठच्या घोड्यांत ओळखला गेला, म्हणून हे नाव. निओरिकेट्सिया रिस्टिसाय हा जिवाणू गोगलगायीतल्या कृमींत राहतो, तिथून पाण्यातल्या किड्यांत जातो, आणि ते किडे चाऱ्यात किंवा पाण्यात पडून घोड्याच्या पोटात. हा आजार जिथे आढळतो त्या भागांत नदी-तलावाजवळच्या तबेल्यांत उन्हाळ्यात रात्री दिवे मालवणे हा साधा, फुकटचा बचाव आहे. लॅमिनायटिस यात फार होतो. ऑक्सिटेट्रासायक्लिन दर किलोला ६.६ मिलिग्रॅम, शिरेतून, पातळ करून आणि सावकाश, पशुवैद्याच्या हातून दिले की एका दिवसात ताप उतरायला लागतो. औषधाचा गुण इतका स्पष्ट दिसणारी हगवणीची कारणे थोडी आहेत, त्यामुळे संशय असेल तर चाचणीच्या निकालाची वाट पाहिली जात नाही. घोड्यांचा कोरोनाव्हायरस एका तबेल्यात एकापाठोपाठ अनेकांना गाठतो. ताप आणि अन्न टाकणे ठळक असते, हगवण त्यातल्या काहींनाच होते, आणि बहुतेक घोडे आपोआप सावरतात.

चंदीची खोली उघडी राहिली आणि घोड्याने पोटभर धान्य खाल्ले, तर हगवण लागण्याची वाटच पाहू नये. स्टार्च मोठ्या आतड्यात पोचून आंबायला तास लागतात, आणि बर्फ तोवर खुरांना लागलेला हवा. रोजच्या खाण्यातही एका वेळी स्टार्च दर किलो वजनाला १ ग्रॅमच्या आत ठेवावा. चारा बदलायचा तर ७ ते १४ दिवसांत थोडाथोडा.

वेदनाशामकांची हगवण चोरपावलांनी येते. फिनाइलब्युटाझोन जास्त डोसने किंवा बरेच दिवस चालू असेल, घोडा कमी पाणी पीत असेल, तर मोठ्या आतड्याचा उजवा-वरचा भाग जखमी होतो. आधी रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन घसरते, मग पोटाखाली सूज, अधूनमधून कळ आणि शेवटी मऊ लीद. लीद बघून हे कधीच लवकर कळणार नाही. औषध बंद करणे हा पहिला उपचार. तीन-चार महिने लांब गवताऐवजी गोळीचा चारा थोडाथोडा, दिवसातून अनेकदा देतात, म्हणजे त्या भागावर भार पडत नाही.

लसूणघासाच्या सुक्या गठ्ठ्यांत फोड आणणारे भुंगे चिरडून आले असतील तर कँथारिडिनची विषबाधा होते. हे विष सुकल्यावरही टिकते. तोंडात फोड, पाण्यात तोंड घालून खेळणे, वारंवार आणि लाल लघवी, आणि रक्तात कॅल्शियम फारच खाली. हगवणीबरोबर लघवीची तक्रार दिसली की गठ्ठा उकलून बघा, आणि उरलेला इतर घोड्यांना घालू नका.

दोन-तीन आठवडे हटत नाही तेव्हा

लहान तांबड्या जंतांच्या अळ्या आतड्याच्या भिंतीत महिनोन्‌महिने दडून राहतात आणि एकदम हजारोंनी बाहेर पडतात. थंड हवामानात हे हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात घडते. कधी जंतनाशक दिल्यानंतरच्या काही दिवसांत. घोडा बहुधा पाच-सहा वर्षांच्या आतला, झपाट्याने वाळणारा. लिदीत किंवा तपासणीच्या हातमोज्यावर सेंटीमीटरहूनही आखूड लाल दोरे दिसतात. अंड्यांची मोजणी इथे फसवते. अळ्या अंडी घालत नाहीत, म्हणून लिदीत शून्य अंडी आणि पोटात लाखो जंत हे एकाच वेळी खरे असू शकते. दडलेल्या अळ्यांवर मॉक्सिडेक्टिन चालते. फेनबेंडाझोलचा पाच दिवसांचा डोस कागदावर आहे, पण त्याला दाद न देणारे जंत आता जगभर पसरले आहेत. रोडावलेल्या घोड्यात मॉक्सिडेक्टिनचा डोस वजन मोजूनच द्यावा, अंदाजाने नाही.

वाळूची चाचणी गोठ्यात बसून होते. जमिनीला न लागलेले लिदीचे सहा गोळे किंवा तेवढीच पातळ लीद लांब प्लॅस्टिक हातमोज्यात घ्या, लिटरभर पाणी घाला, कालवा, बोटे खाली करून २० मिनिटे टांगून ठेवा. बोटांच्या टोकांत वाळू साचली तर ती चिमटीत कचकचते. चमचाभर म्हणजे लक्ष द्यायलाच हवे. काही न साचल्याने मात्र पोटात वाळू नाही असे ठरत नाही, कारण ती रोज बाहेर पडत नाही. उरोस्थीच्या मागे पोटाखाली स्टेथोस्कोप लावून चार-पाच मिनिटे थांबल्यास किनाऱ्यावर लाट ओसरल्यासारखी सळसळ ऐकू येते. खात्री एक्स-रेने होते. इसबगोल दर किलोला १ ग्रॅम रोज देतात, पण चारा जमिनीवर टाकणे थांबले नाही तर तो पुन्हा पुन्हा द्यावा लागेल.

लिदीत बोटाच्या पेराएवढ्या काड्या अखंड येत असतील तर दात पाहा. याखेरीज आतड्याच्या भिंतीत पेशी साठून होणारे जुनाट दाह, आतड्यातला लसिकापेशींचा कर्करोग, यकृताचा आजार. इथे वजन घटत जाते आणि भूक शाबूत असू शकते. ग्लुकोज शोषणाची चाचणी लहान आतडे किती काम करते ते सांगते: रात्रभर उपाशी घोड्याला दर किलोला १ ग्रॅम ग्लुकोज, २० टक्के द्रावण करून नळीतून, मग दर अर्ध्या तासाने रक्त. दोन तासांत साखर मुळापेक्षा ८५ टक्क्यांनी वाढली तर शोषण ठीक. १५ टक्केही वाढली नाही तर जवळजवळ बंद. गुदाशयाच्या भिंतीचा तुकडाही तपासायला काढतात. तो सोपा आहे, पण बिघाड वर असेल तर निरुपयोगी.

शिंगरू

शिंगरू ५ ते १४ दिवसांचे असताना घोडी पुन्हा माजावर येते, आणि त्याच सुमारास त्याला पातळ लीद होते. दोष घोडीच्या दुधाला दिला जातो; खरे तर त्याच्या पोटात जिवाणूंची वस्ती बसत असते, आणि ते आईची लीद खाते तेही त्यासाठीच. दूध ओढणारे, उड्या मारणारे, ताप नसलेले शिंगरू असेल तर धुवा, पुसा आणि लक्ष ठेवा.

लक्ष ठेवायची जागा म्हणजे घोडीची कास. ती भरून टणक झाली, दूध आपसूक गळते आहे, तर शिंगराने पिणे सोडले. थर्मामीटरपेक्षा हे लवकर कळते. पहिल्या आठवड्यात शिंगराची नाडी ७० ते १००, श्वास २० ते ४०, तापमान ३७.२ ते ३८.९ असते. त्याच्याकडे राखीव साठा नाही, म्हणून काही तासांत साखर आणि पाणी दोन्ही तळाला जातात.

जन्मल्यापासून पाच दिवसांच्या आत रक्ताची लीद, पोट दुखते, शिंगरू झपाट्याने कोसळते: क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू. पाणीदार, हिरवट-पिवळी लीद एकाच वेळी अनेक शिंगरांना: रोटाव्हायरस, सहसा तीन महिन्यांच्या आत. याशिवाय साल्मोनेला, क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी, आणि काही आठवड्यांच्या वयात फुप्फुसाबरोबर आतडेही धरणारा रोडोकोकस हा जिवाणू. चीक नीट न मिळालेल्या शिंगरात हगवण ही रक्तातल्या जंतुसंसर्गाची पहिली खूण असते. म्हणून १८ ते २४ तासांच्या वयात आयजीजी, म्हणजे चिकातून रक्तात आलेली प्रतिपिंडे, तपासा. ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरपेक्षा जास्त हवे. दूध तोडल्यावर, ४ ते ७ महिन्यांत, जबड्याखाली सूज, खुरटलेले अंग, मोठे पोट आणि रक्तात अल्ब्युमिन डेसिलीटरला २ ग्रॅमच्या खाली, असे दिसले तर लॉसोनिया हा जिवाणू. त्यात लीद पातळ असेलच असे नाही.

नमुने कसे घ्यावेत आणि काय वाचावे

रक्तात पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचे टक्के) आणि एकूण प्रथिने नेहमी जोडीने वाचा. दोन्ही वर म्हणजे पाणी कमी. पीसीव्ही वर आणि प्रथिने तेवढीच किंवा खाली, तर आतड्यातून प्रथिने गळताहेत. ‘प्रथिने नॉर्मल’ या शब्दाने इथे फसू नका. पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला साधारण ५ ते १२ हजार असतात. तीव्र आतडेसुजेत पहिल्या दिवसांत त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी झपाट्याने उतरतात, कारण त्या आतड्याकडे धावतात. सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम घसरतात. रक्ताभिसरण अपुरे पडले की वाढणारे लॅक्टेट लिटरला २ मिलिमोलच्या खाली हवे, आणि उपचारानंतर ते उतरते का हे पहिल्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे. मूत्रपिंडांची अवस्था सांगणारे क्रिएटिनिन डेसिलीटरला २ मिलिग्रॅमच्या वर असेल तर वेदनाशामक आणि जेंटामायसिन हे अँटिबायोटिक या दोन्हींवर पुन्हा विचार.

सोनोग्राफीत मोठ्या आतड्याची भिंत ४ मिलिमीटरच्या आत दिसायला हवी. वेदनाशामकांची जखम शोधताना उजव्या बाजूला १० ते १४ व्या बरगड्यांच्या मधल्या जागा पाहतात.

साल्मोनेलासाठी स्वॅब पुरत नाही; १० ते ३० ग्रॅम ताजी लीद लागते, आणि एक नमुना नाही, १२ ते २४ तासांच्या अंतराने तीन ते पाच. पाण्यासारख्या लिदीत जिवाणू विरळ झालेले असतात, म्हणून पहिला नमुना कोरा निघाला तरी सोडू नका. लीद घट्ट होत आली की सापडण्याची शक्यता वाढते. पीसीआर लवकर होते, पण मेलेल्या जिवाणूचा अंशही ती दाखवते. डिफिसिलसाठी जिवाणू सापडणे पुरेसे नाही, त्याचे ए आणि बी विष सापडले पाहिजे. हा नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. पोटोमॅक ज्वरासाठी लीद आणि ईडीटीएच्या (रक्त न गोठू देणाऱ्या) नळीतले रक्त दोन्ही पाठवा, ऑक्सिटेट्रासायक्लिनची पहिली सुई देण्याआधी. अंड्यांच्या मोजणीची लीद फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका.

वेगळा बांधणे म्हणजे काय

नावाला कोपऱ्यात बांधणे नव्हे. वेगळी बादली, फावडे, खरारा, थर्मामीटर, बूट. एकच मोतद्दार असेल तर आधी निरोगी घोडे, शेवटी हा. त्याची लीद कुरणावर पसरू नका. दाराशी बूट बुडवायचा जंतुनाशकाचा पायपोस लावला असेल तर त्यातले पाणी रोज बदला. शेण तरंगणारा पायपोस काहीच मारत नाही.

निर्जंतुकीकरण घाणीवर चालत नाही. आधी सगळे उचला, साबणाने घासा, धुवा, वाळू द्या, मग १ भाग ब्लीच ३२ भाग पाण्यात, आणि पृष्ठभाग १० मिनिटे ओला राहू द्या. क्लॉस्ट्रिडियमच्या बीजाणूंसाठी १ भाग १० भागांत. उंच दाबाच्या फवाऱ्याने धुतले की जंतू हवेत उडून शेजारच्या खणात बसतात. हातावरचे अल्कोहोल जेल बीजाणूंना मारत नाही. साबण आणि वाहते पाणीच लागते. साल्मोनेला आणि क्रिप्टोस्पोरिडियम माणसांनाही होतात, म्हणून लहान मुले, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक या घोड्यापासून लांब. तिथे खाणे-पिणे, तंबाखू मळणे नाही.

लीद बांधली गेली की घोडा मोकळा सोडायचा मोह होतो. साल्मोनेला असेल तर बरा दिसणारा घोडाही आठवडेच्या आठवडे तो सांडत राहतो. लागोपाठ पाच नमुने कोरे आल्यावरच त्याचा खण बदलावा. बाकीच्यांसाठी लीद बांधल्यापासून आठवडाभर तरी वेगळे ठेवून खुरांची नाडी आणि गळ्याची शीर रोज चाचपावी. शिरेतून द्रव दिलेल्या घोड्यात ती दोरीसारखी कडक होणे आणि लॅमिनायटिस, दोन्ही हगवण थांबल्यानंतरही उगवतात.